मूळ कथा कोणती?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत आम्ही बसलों होतों. महाभारतांतील ययातीची कथा थोडक्यांत सांगून तिचें तात्पर्य लिहावें, असा प्रश्न आम्हींच घातला होता. बहुतेक उत्तरें एकाच साच्यांतून काढल्यासारखीं होतीं. बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शकांतील चार वाक्यें सर्वांनीं इमानेंइतबारें उतरविलीं होतीं. एका विद्यार्थिनीनें मात्र निराळें लिहिलें होतें. ययातीनें पूरूचें तारुण्य घेतलें खरें, परंतु लवकरच स्वतःच्या कृत्याची लाज वाटून तो भानावर आला. आणि या कथेंत खरा थोर पुरुष कोणी असेल तर तो कच होय, असें तिचें म्हणणें होतें. आम्हीं त्यावर लाल शाईची आडवी रेघ ओढली आणि समासांत 'चूक' असा शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. "सर, हें मीं मनचें लिहिलेलें नाहीं. खांडेकरांच्या 'ययाति'मध्यें असेंच आहे," ती म्हणाली. "ती कादंबरी झाली, मूळ कथा तशी नाहीं," असें ठरीव उत्तर आम्हीं दिलें. ती क्षणभर थांबली आणि तिनें विचारलें, "मग मूळ कथा कोणती, सर? मार्गदर्शकांतली?"

या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. ज्यांनीं चार वाक्यें उतरून काढलीं त्यांना आम्हीं पुरे गुण दिले होते, आणि जिनें एक सबंध कादंबरी वाचून तिच्याविषयीं स्वतःचें मत बनविलें तिचे गुण कापले होते. त्या इतरांच्या उत्तरांत चूक नव्हती, याचें कारण त्यांत त्यांचें स्वतःचें असें कांहींच नव्हतें. पंचवीस वर्षांच्या अध्यापनांत असे किती गुण आम्हीं उलटसुलट वांटले असतील, हा विचार त्या दिवशीं मनांतून जाईना. प्राचीन वाङ्मय, पुराणकथा आणि इतिहास हीं तरुण मुलांना समजावीं यासाठीं शिक्षकानें नेमकें काय करावयाचें, या प्रश्नाचा विचार आम्ही त्या मुलीच्या प्रश्नापासूनच आरंभ करूं इच्छितों.

प्रथम मूळ कथेचाच शोध घेऊं. आदिपर्वांत ययाति देवयानीला विहिरींतून वर काढतो, तिच्याशीं विवाह करतो, आणि तिची दासी होऊन आलेल्या शर्मिष्ठेशीं गुप्तपणें संबंध ठेवतो. शुक्राचार्यांचा शाप होऊन त्याला अकालीं वार्धक्य येतें. देवयानीचे यदु व तुर्वसु आणि शर्मिष्ठेचे द्रुह्यु, अनु व पूरु अशा पांच पुत्रांपाशीं तो तारुण्य मागतो. चौघे नाहीं म्हणतात. धाकटा पूरु होय म्हणतो. पुढें एक हजार वर्षें भोग घेतल्यावर राजाला कळून चुकतें कीं भोगानें वासना शमत नाहीं. मग तो पुत्राचें तारुण्य परत करून त्यालाच राज्य देतो. येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते.

परंतु ययाति उद्योगपर्वांत पुन्हां भेटतो, आणि तेथें त्याचें दर्शन अगदीं निराळें होतें. गालवाला गुरुदक्षिणेसाठीं एक कान काळा असलेले आठशें शुभ्र घोडे हवे असतात. राजापाशीं घोडे नसतात, म्हणून तो आपली कन्या माधवी गालवाच्या स्वाधीन करतो. पुढें हाच राजा गर्वामुळें स्वर्गांतून खालीं पडतो, आणि माधवीच्याच चार पुत्रांच्या पुण्याईनें पुन्हां वर चढतो. हे दोन्ही भाग आम्हीं पुढें वर्गांत एकाशेजारीं एक ठेवून वाचले, तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हा राजा मुलगी देऊन टाकतो, मुलाचें तारुण्य घेतो, आणि वर जातो तो नातवांच्या जिवावर!" इतकी नेमकी टीका आम्हीं मोठमोठ्या ग्रंथांत क्वचितच वाचली आहे.

कालिदासाकडे वळावें तर आणखी एक आश्चर्य दिसतें. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकांत सासरीं निघालेल्या शकुंतलेला कण्व आशीर्वाद देतो, तो शर्मिष्ठेसारखी पतीला प्रिय हो आणि पूरूसारखा सम्राट् पुत्र तुला होवो, असा. येथें राणी देवयानी नसून दासी झालेली शर्मिष्ठा आदर्श ठरली आहे. पण शकुंतलेचा विवाहहि शर्मिष्ठेप्रमाणेंच लोकांच्या दृष्टीआड झालेला होता, हें ध्यानांत आलें म्हणजे वृद्ध ऋषीला हेंच नांव कां आठवलें असावें याचा उलगडा होतो. हा श्लोक आम्ही वर्षानुवर्षें केवळ समास सोडविण्यासाठीं वापरीत आलों!

'मूळ' या शब्दाचीहि गंमत पाहावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें आणि सर्व पर्वांचें काम १९६६ मध्यें संपलें. एवढ्या वर्षांचें तें कार्य मुख्यतः देशोदेशींच्या हस्तलिखितांतील पाठ एकमेकांशीं ताडून पाहण्याचें होतें. जें पंडितांनीं पोथ्यांच्या बाबतींत केलें तेंच लहान प्रमाणांत वर्गांत कां करूं नये?

आतां खांडेकरांच्या कादंबरीकडे येऊं. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच सिंधुदुर्गाच्या मुलखांत, शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक होते. 'ययाति' १९५९ मध्यें प्रसिद्ध झाली आणि पुढें १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मान त्यांना मिळाला. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनीं आपापली हकीकत स्वतःच्या मुखानें सांगावी, ही त्यांची योजना अध्यापनाच्या दृष्टीनेंहि फार मोलाची आहे. एकच प्रसंग तिघांना तीन प्रकारें दिसतो, हें कोणाहि विद्यार्थ्याच्या सहज लक्षांत येतें. महाभारतांत देवयानीशीं शापप्रतिशाप झाल्यावर कच कथेंतून निघून जातो. खांडेकरांनीं त्याला अखेरपर्यंत ठेवून भोगाच्या समोर संयमाची मूर्ति उभी केली. यंत्रयुगांतील सुखलोलुप माणसाला कांहीं सांगावें, ही तळमळ त्यामागें आहे, आणि ती खरी आहे.

तथापि या फेरफाराची किंमतहि द्यावी लागली आहे. कच इतका निर्दोष झाला आहे कीं, त्याच्या तोंडीं संवादापेक्षां प्रवचनच अधिक येतें. दुसरें असें कीं, कादंबरींत यदु आणि पूरु हे दोघेच पुत्र उरतात. महाभारतांतील चौघांचे चार नकार ही नुसती यादी नव्हे. त्या नकारांवर पुढच्या राजवंशांचें भवितव्य ठरलेलें आहे, यादवांचा राज्याधिकार तेथेंच गेला आहे. आणि हजार वर्षांचा भोग काढून टाकला कीं, ययातीचें शहाणपण अनुभवांतून न येतां पश्चात्तापांतून येतें. कोणतें अधिक खरें वाटतें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण दोन्ही वाचल्यावांचून तें ठरवितां येत नाहीं. गिरीश कर्नाडांनीं १९६१ च्या आपल्या कन्नड नाटकांत पूरूला चित्रलेखा नांवाची पत्नी दिली, आणि पतीनें तारुण्य देऊन टाकलें तर तिनें काय करावें, हा प्रश्न उभा केला. हा प्रश्न ना व्यासांना पडला, ना खांडेकरांना. 'कवीनें हें कां बदललें?' एवढें एकच विचारावयास शिकविलें, तर विद्यार्थी मूळ ग्रंथाकडे आपल्या पायांनीं चालत जातो असा आमचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, ही तौलनिक दृष्टि लहान गांवांतील मुलांना कोठून यावी? आमचें उत्तर असें कीं, ती त्यांच्यापाशीं आधींच असते. ती आम्हीं ओळखली नाहीं. दिवाळीनंतर आमच्या या किनाऱ्यावर गांवोगांवच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. आरंभीं गणपति, सरस्वती येऊन जातात. वेद चोरणारा काळा संकासुर मालवणींत थट्टामस्करी करून पोरांना हंसवितो. मग पायपेटी आणि पखवाज यांच्या साथीनें मुख्य आख्यान रंगूं लागतें. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलें, पण राजानें काय बोलावें आणि राणीनें काय उत्तर द्यावें, हें ज्याचें त्यानें उभ्या उभ्या रचावयाचें. पहाटे दहीकाला झाल्यावर घरीं परततांना आमच्यापुढें दोन विद्यार्थी चालले होते. एकजण म्हणत होता, आजच्या राजानें शाप मिळाल्यावर आधीं स्वतःचा अपराध कबूल केला, गेल्या वर्षींचा राजा नुसता रडला. दुसऱ्याला तें रडणेंच अधिक पटलें होतें. देऊळ मागें पडून घर येईपर्यंत त्यांचा वाद संपला नाहीं. याच दोघांना वर्गांत 'पात्राचें स्वभावचित्र रेखाटा' म्हटलें कीं ते मान खालीं घालून बसत! वर्गाचें दार आणि देवळाचें आवार यांमधील वाट आम्हीं शिक्षकांनींच बुजविली होती.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. कथेचीं अनेक रूपें मानतां येतात. इतिहासाचें तसें नाहीं. कवीनें राजाचे तीन पुत्र वगळले तर तो त्याचा अधिकार. इतिहासकारानें वगळले तर तो अपराध. हा भेद समजावून सांगण्यास आम्हांस वर्गाच्या खिडकीबाहेर पाहणें पुरतें. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्यें शिवाजीमहाराजांनीं त्याचें काम सुरू केलें. तटावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवितात, ही परंपरा. १७६५ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेतला आणि त्याचें नांव 'फोर्ट ऑगस्टस' ठेविलें. ही घडलेली गोष्ट. ठशापुढें हात जोडणाऱ्याची आम्ही थट्टा करीत नाहीं. पण परंपरेनें सांगितलेलें कोणतें आणि कागदानें सांगितलेलें कोणतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें वहींत दोन रकाने करून लिहावें असा आमचा आग्रह असतो. कागदाच्या रकान्यांतहि पुन्हां प्रतवारी आहेच. सभासदानें आपली बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सतरा वर्षांनीं जिंजीस लिहिली. चिटणिसांची बखर शंभराहून अधिक वर्षांनंतरची. जो जवळून पाहतो त्याला सर्व दिसतेंच असें नाहीं, पण कोण किती लांबून बोलतो आहे हें आधीं विचारलें पाहिजे.

पावसाळ्यांत किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. अशाच एका दिवशीं आम्हीं वर्गांत रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'तील आरमाराचें प्रकरण वाचावयास घेतलें. हा ग्रंथ सुमारें १७१६ चा, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठीं लिहिलेला. जहाजांसाठीं लांकूड कसें मिळवावें हें सांगतांना आंबा आणि फणस यांविषयीं त्यांत जी ताकीद आहे ती प्रसिद्धच आहे: हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तेव्हां त्यांना हात लावूं नये, एखादें अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावें. आम्ही नेहमींप्रमाणें राज्यकर्त्यांच्या प्रजावात्सल्यावर बोलूं लागलों. तोंच एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील होड्या बांधतात. वर्गांत तो फारसा बोलत नसे. तो म्हणाला, "सर, ताकीद द्यावी लागली, म्हणजे कोणीतरी झाडें तोडीत असणार. न विचारतां, आणि पैसे न देतां."

वर्गांत क्षणभर शांतता पसरली. मनाई ही अपराधाचाहि पुरावा असते, हें इतिहासशास्त्रांतील सूत्र आम्हीं इंग्रजी ग्रंथांतून शिकलों होतों, आणि पंचवीस वर्षांत या उताऱ्याला तें लावून पाहण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. त्या मुलाला तें सुचलें, कारण फणसाचें लांकूड म्हणजे काय, आणि परसांतील फणस गेला म्हणजे घराचें काय जातें, हें त्याला ठाऊक होतें. त्याच्या प्रश्नानें अमात्यांची थोरवी कमी झाली नाहीं. उलट ज्या दांडगाईला त्यांनीं आळा घातला ती डोळ्यांपुढें आल्यामुळें तिचा अर्थ कळला.

परीक्षा जवळ आलेली, अभ्यासक्रम मोठा, आणि मार्गदर्शक स्वस्त. या अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. प्रत्येक धड्याला असा वेळ देतां येणार नाहीं. परंतु सत्रांतून दोनतीन कथा तरी अशा रीतीनें वाचाव्या, आणि प्रश्नपत्रिकेंत तात्पर्याऐवजीं फरक विचारावा, एवढें कोणाहि शिक्षकाला करतां येईल. या मासिकाच्या वाचकांना आमची आणखी एक विनंति आहे. मुलांना पुराणांतली गोष्ट घरीं तुम्हांला आठवेल तशी सांगा. मूल शाळेंतून येऊन 'पण आमच्या बाईंनीं वेगळी सांगितली' म्हणालें, तर त्याला गप्प बसवूं नका. 'काय वेगळें सांगितलें?' असें विचारा. अभ्यास तेथें सुरू होतो.

त्या मुलीची उत्तरपत्रिका आम्हीं दुसऱ्या दिवशींच पुन्हां मागवून घेतली. प्रश्न महाभारतांतील कथेचा होता, म्हणून पुरे गुण देतां आले नाहींत. कापलेल्यांपैकीं निम्मे मात्र परत केले. 'चूक' हा शब्द खोडून त्याजागीं 'ही खांडेकरांची कथा. व्यासांची वाचून फरक लिहावा' असें लिहिलें. पंधरा दिवसांनीं तिनें सात पानांचा निबंध आणून दिला. शर्मिष्ठा थोर खरी, पण महाभारतांतील देवयानीवर कादंबरीकारानें अन्याय केला आहे, असें तिनें त्यांत मांडलें होतें. तिचें म्हणणें आम्हांस सर्वस्वी मान्य नाहीं. यंदाच्या वर्गांत तो निबंध आम्ही वाचून दाखविणार आहों, आणि त्याचें खंडन कोणी करतो का तें पाहणार आहों.