वकील दिसतात, मतदार दिसत नाही

‘द केस अगेन्स्ट एट’ (२०१४) हा बेन कॉटनर आणि रायन व्हाइट यांचा माहितीपट रंगतो. बुश विरुद्ध गोर खटल्यात आमनेसामने असलेले टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइस इथे दोन समलिंगी जोडप्यांसाठी एकत्र लढतात.

पण ज्याच्यामुळे खटला उभा राहिला, तो मतदार कुठे आहे? नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाने ओबामांना भरभरून मतं दिली आणि त्याच दिवशी ५२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क काढून घेतला. हे एकाच हाताने कसं झालं, हा प्रश्न चित्रपट फारसा विचारत नाही.

२०१३चा विजयही अर्धाच होता. सर्वोच्च न्यायालयाने हक्काबद्दल निकाल दिलाच नाही; बंदीच्या समर्थकांना अपिलाचा अधिकार नाही, एवढंच म्हटलं. लग्नं सुरू झाली, पण बंदीचं वाक्य राज्यघटनेत राहिलं. ते २०२४ मध्ये मतदारांनीच खोडलं, ६२ टक्क्यांहून जास्त मतांनी.

लग्नासाठी कुणी १६ वर्षं का थांबावं? कोर्टात जाणं बरोबरच होतं. पण मधल्या काळात शेजारी कसा बदलला, ती गोष्ट अजून बघायची राहिली आहे.