‘ख्रिस्तपुराण’ : भाषास्तुती आणि तटबंदी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव निघताच मराठी समीक्षेस प्रथम आठवतात त्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या. एका इंग्रज जेजुइटाने आपल्या भाषेस वाहिलेली फुले म्हणून त्या वारंवार उद्धृत होतात; उरलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ बहुधा न वाचताच मिटला जातो. या पद्धतीने ग्रंथाचा गौरव होतो खरा, परंतु त्याचा अर्थ निसटतो.

हा ग्रंथ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे, नागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत, छापला गेला. किल्ला, जेजुइटांचे विद्यालय व मुद्रणालय ही तेथे एकमेकांच्या शेजारी नांदत होती. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल व स्पेन यांचा राजा एकच होता. म्हणून राचोलशेजारी स्पॅनिश अमेरिकेचे उदाहरण ठेवणे अप्रस्तुत नव्हे. तेथेही लष्करी ठाणे, मिशन व आखीव नगर ही परस्परांच्या आधाराने वाढली. मेक्सिकोत बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १५८३ साली नाहुआत्ल भाषेत ख्रिस्ती गीतांचा संग्रह छापला. जुनी गीते मागे पडून नवदीक्षितांच्या ओठी नवी यावीत, हा त्यामागील हेतू. स्टीफन्स यांची रचना याच जातीची आहे. पुराणांस दुरावलेल्या नवख्रिस्त्यांस त्याच घाटाचे, त्याच छंदातले दुसरे पुराण द्यावयाचे होते.

साष्टीतील लोकांची घरची भाषा कोंकणी. स्टीफन्स यांनी तिचे व्याकरण लिहिले. ते १६४० साली प्रसिद्ध झाले. पुराण मात्र त्यांनी कोंकणी शब्दांची जोड देऊन मराठीत रचले, कारण पोथीची प्रतिष्ठा मराठीस होती. नशिराबादच्या परिसरात वाढलेल्या, घरी लेवा गणबोली बोलून पुस्तकात प्रमाण मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हे अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

या ग्रंथाची खरी कसोटी शब्दयोजनेत आहे. मेक्सिकोतील नाहुआत्ल ख्रिस्ती ग्रंथांत ‘दिओस’ हा स्पॅनिश शब्दच रूढ झाला. स्टीफन्स त्याहून पुढे जातात. ‘परमेश्वर’, ‘वैकुंठ’ हे शब्द ते निःसंकोच स्वीकारतात. पवित्र आत्मा मात्र ‘स्पिरितु सांतु’च राहतो. सभामंडप मराठीचा, गाभारा परभाषेचा, अशी ही वास्तू आहे. मराठीवरील प्रेम आणि धर्मसत्तेची तटबंदी दोन्ही येथे एकत्र आहेत. एकीकडे डोळेझाक करून दुसरीचे मूल्यमापन होणार नाही.

पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने कोंकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. १७७० साली स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने अमेरिकेतील देशी भाषा नामशेष व्हाव्यात म्हणून फर्मान दिले. देशी भाषेस मिळालेला आश्रय सत्तेच्या सोयीपुरता होता, हे यावरून दिसते. त्यामुळे स्टीफन्स यांची स्तुती खोटी ठरत नाही. उलट, ज्या व्यवस्थेत ती उच्चारली गेली ती ध्यानात घेतल्यावरच तिचे मोल कळते. मात्र परकीयाचे प्रशस्तिपत्र म्हणून ती मिरवण्यात समीक्षेचे काम होत नाही. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली या ग्रंथाची नागरी आवृत्ती सिद्ध केली. तेव्हापासून तो समग्र न वाचण्यास लिपीची सबबही उरलेली नाही.