फाल्गुनरावांची नजर

प्रत्येक कुटुंबात एक तरी माणूस असे असते, की ज्याच्यापुढे थाप पचत नाही. बहुधा ती आजी असते. फराळाच्या डब्यातील बेसनाचे दोन लाडू कमी झाले, की ती एकदा सर्व नातवंडांकडे पाहते आणि नेमके नाव घेते. 'तुझ्या तोंडावरच लिहिले आहे,' असे ती म्हणते, आणि घरातील थोरामोठ्यांचाही तिच्या या सिद्धीवर विश्वास असतो. खोटे ओळखण्याची अशी उपजत देणगी खरोखरच असते काय? प्रश्न मानसशास्त्राचा दिसतो खरा. परंतु आपल्या रंगभूमीने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

आधी शास्त्राचे म्हणणे पाहू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांचा 'टेलिंग लाइज' हा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावर निमिषमात्र चमकून जाणाऱ्या भावना दडवलेले सत्य उघड करू शकतात, हा त्याचा गाभा. पुढे १९९१ मध्ये एकमन आणि मॉरीन ओ'सलिव्हन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या दहा तरुणींची लहान चित्रणे लोकांना दाखविली. त्यांतील काही जणी प्रसन्न चित्रपट पाहून खरे सांगत होत्या. बाकीच्या भीषण शस्त्रक्रियेची दृश्ये पाहत असताना 'किती छान!' म्हणत होत्या. न्यायाधीश, पोलीस, मनोविकारतज्ज्ञ, विद्यार्थी या सर्वांची उत्तरे नाणेफेकीच्या जवळपासच राहिली. केवळ राष्ट्राध्यक्षांच्या रक्षणासाठी असलेल्या सीक्रेट सर्व्हिसचे लोक सरासरी ६४ टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर या दोघांनी हजारो लोक तपासून काही डझन असामान्य पारखी निवडले आणि त्यांना 'जादूगार' म्हटले.

येथे थोडे गणित करणे बरे. दहा प्रश्नांना हजार माणसांनी डोळे मिटून 'खरे' किंवा 'खोटे' असे उत्तर दिले, तरी त्यांतील दहा-अकरा जणांची नऊ वा दहाही उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येतील. म्हणून तर या जादूगारांची निवड कशी झाली, यावर पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये आधीचे शेकडो प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा सामान्य माणसाचे यश सुमारे ५४ टक्के भरले. २००८ मध्ये त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली. पारख करणाऱ्यांमध्ये आपापसांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो बोलणाऱ्यांमध्ये. काही माणसे खोटे बोलतानाही प्रामाणिक दिसतात, आणि काही खरे बोलतानाही लबाड दिसतात.

एकमन यांना या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. त्यांच्या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. खरे बोलणारा मनुष्यही 'आपल्यावर विश्वास बसणार नाही' या भयाने थरथरतो, आणि पाहणारा ते भय अपराधाचे समजतो. या चुकीला त्यांनी ऑथेल्लोचे नाव दिले. कॅसिओ मेला हे ऐकताच डेस्डिमोना रडते. आता आपले निरपराधित्व सिद्ध होणार नाही, या भीतीचे ते रडणे असते. ऑथेल्लोला मात्र त्यात प्रियकराचा शोक दिसतो. हीच शोकांतिका गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' या नावाने मराठीत आणली.

देवलांचे मोठेपण असे, की त्याच चुकीची दुसरी, हसरी बाजूही त्यांनी पाहिली. मर्फीच्या इंग्रजी सुखात्मिकेवरून रचलेले त्यांचे 'फाल्गुनराव' १८९३ चे. तेच १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' होऊन आले. फाल्गुनराव मूळ चेहऱ्यांवरच विसंबणारा गृहस्थ. बायकोने एका परक्या तरुणाची तसबीर हातात घेतली, तिच्या मुद्रेवर कौतुक उमटले, की त्याचा निकाल लागलाच! तिकडे कृत्तिकेनेही मूर्च्छित रेवतीला सावरणारा नवरा पाहिला आणि आपला निकाल लावला. मौज ही, की दोघांचेही डोळे शाबूत आहेत. जे दिसले ते खरेच घडलेले आहे. चूक पाहण्यात नाही, पाहिलेल्याचा अर्थ लावण्याच्या घाईत आहे. प्रेक्षकाला सारे आधीच ठाऊक असते, म्हणून तो हसतो. आणि घरी जाऊन स्वतः फाल्गुनराव होतो.

या दोन नाटकांच्या शेजारी अमेरिकेतील 'लाय टू मी' ही दूरचित्रवाणी मालिका (२००९ ते २०११) ठेवून पाहावी. तिचा नायक एकमन यांच्यावरून बेतलेला. भुवई हलली, ओठ दुमडला, की तो निर्णय देतो, आणि तो बहुधा बरोबरच ठरतो. कथा वेगवान आहे, टिम रॉथचा अभिनय चांगला आहे. पण देवलांनी ज्याला विनोदाचा विषय केले, त्यालाच येथे सिंहासनावर बसविले आहे. याचा परिणाम टिमथी लेव्हिन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तपासला. मालिकेचा भाग पाहिलेल्यांची पारख सुधारली नाही. उलट खरे बोलणाऱ्यांवरही ते अधिक संशय घेऊ लागले. कलाकृती माणसाला शहाणे करते की केवळ संशयी, हा साहित्याच्या मूल्याचाच प्रश्न नव्हे काय?

मग आजीचे काय? लेव्हिन यांच्यासारख्या संशोधकांनी लोकांना विचारले, की तुम्हांला कळलेले खोटे नेमके कसे कळले? बहुतेकांची उत्तरे चेहऱ्याची नव्हतीच. कोणी तिसऱ्याने सांगितले, काही पुरावा सापडला, किंवा बोलणाऱ्यानेच पुढे कबूल केले. आजीचेही तसेच आहे. तिने लाडू मोजून ठेवलेले असतात, दुपारी माजघरात कोण होते हे तिला ठाऊक असते, आणि कोणत्या नातवाला बेसनाचा लाडू जीव की प्राण, हेही ती जाणते. तिची सिद्धी नजरेत नाही, तिच्या घरावरील लक्षात आहे. चेहरा तिने शेवटी पाहिलेला असतो.

म्हणून घरात काही हरवले, आणि नवी सून किंवा कामाला येणारी बाई प्रश्न ऐकून गोरीमोरी झाली, तर त्या घाबरण्याला कबुली समजू नये. ज्याच्या शब्दाला घरात वजन नसते, त्याला खरे बोलतानाही भय वाटते. ते भय वाचता येणे ही देणगी असेल. पण त्याचे कारण विचारण्याइतका धीर असणे ही त्याहून मोठी. झुंझाररावाला तो धीर नव्हता, म्हणून त्याच्या घरात प्रेत पडले. फाल्गुनरावाचे नशीब बरे, की देवलांनी त्याला वेळेवर साऱ्यांसमोर उभे करून तसबिरीची हकीकत ऐकविली.