मृत संवर्ग : नोकरी, युनियन आणि आमचे साहित्य

दलित साहित्यात नोकरी पानोपानी आहे; युनियन मात्र शोधावी लागते. हे मी कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. आमचे बहुतेक लेखक सरकारी-निमसरकारी नोकर होते आणि आहेत. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवून निवृत्त झालो. परंतु गेली काही वर्षे यवतमाळ जिल्ह्यात जे डोळ्यांदेखत घडते आहे, ते सांगायला आमच्या साहित्याजवळ शब्द नाहीत. ते का नाहीत, याचा शोध आता घेतलाच पाहिजे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला. नोव्हेंबरात राज्यातली आगारे बंद पडली. आमच्याकडे यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी, पांढरकवडा, जिथेतिथे फाटकाबाहेर मंडप पडले. त्यांतल्या एका मंडपात मी जाऊन बसत असे. माझे दोन जुने विद्यार्थी तिथे होते; एक वाहक, दुसरा यांत्रिक. दोघांनीही खिशावरचा युनियनचा बिल्ला काढून ठेवला होता. वर्गणी भरत गेलो, करार होत गेले, आणि पगार मात्र होता तिथेच राहिला, हे त्यांचे गाऱ्हाणे. मान्यताप्राप्त युनियन बाजूला पडली आणि मुंबईच्या आझाद मैदानावरचे नेतृत्व एका वकिलाकडे व विरोधी पक्षाच्या आमदारांकडे गेले. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली, तेव्हा आमदार मैदानातून निघून गेले आणि कामगार बसून राहिले. पुढे विलीनीकरणाविरुद्ध सरकारी समितीचा अहवाल आला, एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत घालून दिली, आणि संप विरला. साडेपाच महिन्यांत किती घरांतली भांडी सावकाराकडे गेली, कितीजणांनी जीव दिला, ते त्या घरांना ठाऊक.

या संपाची मागणी नीट वाचली पाहिजे. 'विलीनीकरण' हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका वापरला की त्यातला अर्थ झिजून गेला. तो अर्थ असा : आमचा पगार तिकिटाच्या गल्ल्यातून देऊ नका, राज्याच्या अर्थसंकल्पातून द्या. गल्ला कमी-जास्त होतो. अर्थसंकल्पात ज्याच्या नावाचे लेखाशीर्ष असते त्याचा पगार होतो. महामंडळाचा कामगार राज्याच्या आस्थापनेत जागा मागत होता. युनियनचा बिल्ला उतरवून टाकणाऱ्या त्या पोरांना, युनियनच्या पुढाऱ्यांना जे कळले नव्हते, ते कळले होते. लढाई वेतनश्रेणीची उरलेली नाही, पदाची आहे.

मागच्या पिढीला हे सांगावे लागले नसते, कारण तिच्या पायाखाली पद होते. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी चोपन्न दिवसांचा संप केला. कारकून, शिक्षक, शिपाई एकत्र आले. वसंतदादा पाटलांचे सरकार बधले नाही, पण केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याचा प्रश्न त्यानंतर कुठल्याही सरकारला टाळता आला नाही. तो संप खरोखर मोठा होता आणि त्याचा लाभ आम्हालाही झाला. माझ्या पहिल्या पगारातला भत्ता त्या संपाचाच होता, तेव्हा मी कृतघ्न होणार नाही. पण फेब्रुवारी १९७८ मध्ये संप संपला आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. चोपन्न दिवस एका सतरंजीवर बसलेली एकी त्या वस्त्यांपर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न कर्मचारी चळवळीच्या इतिहासाला कुणी गंभीरपणे विचारलेला माझ्या वाचनात नाही.

मग आले २००५ साल. त्या एका वर्षात काय काय झाले ते एकापुढे एक मांडून पाहा. महाराष्ट्राने वित्तीय दायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापनाचा अधिनियम केला. जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या. १ नोव्हेंबरपासून नव्याने नेमणूक होणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. आणि त्याच काळात आमचा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ठाऊक झाला. डिसेंबरात राज्याचे पॅकेज आले, पुढच्या जुलैत पंतप्रधानांचे. मदतीसाठी मृताचे प्रकरण 'पात्र' ठरावे लागे आणि पात्र ठरायला शेती नावावर लागे. ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा मजुराचे मरण कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. सातबारा नसलेला मजूर आणि पद नसलेला कामगार, दोघांचे दुखणे एकच. कागदावर ते नाहीतच. आमच्या वस्तीत बहुधा एकाच घरात दोघेही राहतात.

जुनी पेन्शन गेली तेव्हा जुन्या सभासदांच्या पेन्शनला धक्का लागला नव्हता. म्हणून युनियनांनी निषेधाची पत्रके काढली आणि त्या घरी गेल्या. खरा संप झाला तो १४ ते २० मार्च २०२३ ला, सतरा वर्षांनी, जेव्हा नव्या नियमाखालचे लोक संघटनेत बहुसंख्य होऊ लागले. तोही सात दिवसांत आश्वासनावर मिटला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नऊ खाजगी एजन्सींमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरात रद्द झाला. रद्द करतानाही वाद रंगला तो हे पाप कोणत्या सरकारच्या काळातले यावर. हे पाप कुणाच्या मुलांवर पडणार होते, याबद्दल विधानभवनात कुणाचा घसा बसला नाही.

आरक्षण कशाला असते? पदाला. बिंदुनामावली पदांवर चालते. अनुसूचित जातींचे तेरा टक्के हे पदांचे तेरा टक्के. एजन्सीने पाठवलेला माणूस पदावर नसतो, तो 'सेवा' असतो. सेवेला बिंदू नसतो, अनुशेष नसतो, जात पडताळणीही नसते. संविधानाला हात लावायची गरजच पडत नाही. आरक्षण जागच्या जागी राहते आणि त्याखालचे पद तेवढे काढून घेतले जाते. घटना बदलणार की नाही यावर आमच्या सभा गाजतात; वित्त विभागाचा आकृतिबंध मात्र आम्ही वाचायला घेत नाही.

त्या कागदांची भाषा एकदा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावी. पद रिकामे राहून राहून संपले की ते 'व्यपगत' होते. ज्या कामावर यापुढे भरतीच करायची नाही त्याला 'मृत संवर्ग' म्हणतात. पगाराला 'मानधन' म्हणायचे, म्हणजे मानाचे धन, आणि ते अंगणवाडीच्या बाईला द्यायचे. शिक्षकाला काही वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणायचे. प्राथमिकच्या सेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला सहा हजार रुपये मिळत, मग ते सोळा हजार झाले. सेवक, सेवा, मान! गावगाड्यात महाराच्या कामालाही अशीच भारदस्त नावे होती. बलुत्यालाही हक्कच म्हणत.

इथे मला घरचे सांगावे लागते. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. पालिकेचे नाव सांगून उपयोग नाही, ती कुठलीही असू शकते. युनियनची सभा आवारातल्या लिंबाखाली व्हायची. कारकून मंडळींना ऑफिसातल्या खुर्च्या आणून दिल्या जात, झाडूवाले खाली बसत. कुणी त्यांना बसा खाली असे म्हणत नसे. ते आपोआप बसत. त्या युनियनने बापाला भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला, रजा मिळवून दिली, साप चावला तेव्हा दवाखान्याचे बिल मिळवून दिले. पुढे ठेकेदार आला. कायम असलेल्यांना हात लावणार नाही, नवे मात्र ठेक्यावर, असे ठरले आणि पुढाऱ्यांनी सही केली. बापानेही अंगठा दिला. त्याला दोष देऊ? त्याचे घर वाचले. शेजारच्या घरातला पोरगा त्याच गटारात ठेकेदाराकडून उतरू लागला, तिसऱ्या हिश्श्याच्या मजुरीवर, बुटाशिवाय.

माझ्या धाकट्या भावाला मात्र 'कायम' नोकरी मिळाली. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळते, त्या नियमाने. हा नियम टिकवण्यासाठी सफाई कामगारांच्या संघटना झगडत आल्या आहेत, अजूनही झगडतात. आपण मनुस्मृती जाळणारे लोक, आणि बापाचा झाडू मुलाकडे जावा यासाठी मोर्चा काढतो! नुसते हसून हे सोडता येणार नाही. बाकी सगळे दरवाजे बंद झाल्यावर एकच उघडा राहिला, आणि तो वंशपरंपरेचा निघाला. भाऊ पदवीधर आहे. रुजू झाला त्या दिवशी आई पेढे वाटत होती आणि तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. ही कथा आमच्यापैकी कुणी लिहिली आहे काय?

आता साहित्याकडे येतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत नायक गुजरातेत उधना येथे रेल्वेच्या नोकरीसाठी जातो. भोवती सारे कामगारच आहेत. जात उघड होताच तेच कामगार त्याला मारतात आणि सोडवायला धावतो तो काशिनाथ, दुसरा दलित. १९६३ च्या त्या कथासंग्रहाने कामगार-एकजुटीचा सगळा भ्रम एका मारहाणीत फोडला. बागुलांना मार्क्सवाद ठाऊक होता, म्हणूनच त्या कथेला इतकी धार आहे. पण नंतरच्या आम्ही लोकांनी त्या धारेचा उपयोग काय केला? कामगार जातीयवादी आहेत एवढा निष्कर्ष काढला आणि युनियन हा विषयच वहीतून काढून टाकला. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये कचेरी येते ती माणसाच्या कोंडमाऱ्याची जागा म्हणून. माधव कोंडविलकरांच्या 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' या रोजनिशीत मास्तराची नोकरी म्हणजे गावाने रोज घेतलेली परीक्षा. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये सूतगिरणी आणि कामगारांची संघटना येते. तो अपवाद महत्त्वाचा आहे. समीक्षकांनी मात्र चोरीच्या प्रसंगांवर जितकी शाई खर्च केली तितकी त्या पानांवर केलेली नाही.

या आत्मकथनांत नोकरी म्हणजे एका माणसाची सुटका. गाव सोडले, शिकलो, लागलो. हे खरेच होते आणि त्यात थोरवीही होती. पण 'लागलो' या क्रियापदात पद दिसत नाही. ते कुणी निर्माण केले, कुठल्या लेखाशीर्षातून त्याचा पगार निघतो, आपल्यामागून ते राहील की व्यपगत होईल, हे त्या क्रियापदाला माहीत नसते. म्हणून आज पद मरते तेव्हा आमचा लेखक पुन्हा एका बेकार पोराचे दुःख लिहितो. पदाचा मृत्यू त्याला दिसतच नाही.

आमच्या स्वतंत्र कर्मचारी संघटनांचेही तसेच झाले. १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या बामसेफने आपण ट्रेड युनियन नाही, हे सुरुवातीलाच सांगितले. समाजाचे ऋण फेडणे हे तिचे काम. ते तिने केले आणि आमच्या जिल्ह्यातही केडर कॅम्पांनी अनेकांना वाचायला लावले. कास्ट्राईबने पदोन्नती आणि बिंदुनामावलीची राखण केली. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत सेवाज्येष्ठता पुढे आली तेव्हा आमचे लोक रस्त्यावर आले, ते योग्यच होते. पण ठेक्यावरच्या झाडूवाल्यासाठी आम्ही तेवढ्या संख्येने कधी बाहेर पडलो? मुंबईत ते काम कचरा वाहतूक श्रमिक संघाने केले. वर्षानुवर्षे कोर्टात झगडून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेतले. खुर्चीवरच्यांनी खाली बसलेल्यांना विसरावे, हा दोष मग त्यांचाच राहिला नाही.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे नेमके हेच मांडले होते. अस्पृश्य माणूस गँगमनच का राहतो, हमालसुद्धा का होऊ शकत नाही, गिरणीतले विणकाम खाते त्याला का बंद, आणि एकजुटीची भाषा बोलणारे पुढारी यावर गप्प का? तो प्रश्न आम्ही पाठ केला. पण त्याच माणसाने १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता, हे आम्ही जयंतीच्या भाषणात पदव्यांच्या यादीत तेवढे सांगतो. प्रांताचा पैसा कुठून येतो, कुणाच्या हाती जातो, हा आमचा विषय नाही असे आम्हीच ठरवून टाकले. मे २०२५ मध्ये 'लाडकी बहीण'च्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. नाराजी जाहीर केली ती खात्याच्या मंत्र्यांनीच. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच या निधीसाठी कायदे केले. आमच्याकडे त्यासाठी रेटा लावील अशी संघटना कुठली? ज्या बहिणीच्या खात्यात ते पैसे गेले तीही पुष्कळदा आमचीच आहे, म्हणून बोलायलाही जड जाते.

वडिलांच्या त्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प गेल्या वर्षी मी मागून घेतला. कायम कामगारांचा पगार 'आस्थापना' खर्चात आहे आणि त्या खर्चावर मर्यादा आहे. ठेक्यावरच्या सफाईची रक्कम तिथे नाही. पुष्कळ पाने उलटल्यावर ती सापडली, देखभाल-दुरुस्तीत, फिनेल आणि घंटागाड्यांच्या डिझेलशेजारी. किती माणसे, हा आकडा कुठेच नव्हता. यंदा फेब्रुवारीत नवा अर्थसंकल्प सभेपुढे येईल. शेजारच्या त्या पोराला, आता तो चाळिशीचा आहे, मी सोबत चल म्हटले आहे. त्या दिवशी ठेकेदार खाडा धरील, असे तो म्हणाला.