हे पन्नास टक्के कुठून आले?

आरआरसीसमोरच्या माझ्या सादरीकरणात अकराव्या स्लाइडवर एक ओळ होती: ‘जाळी ५० टक्के चोंदली आहे असे गृहीत धरून.’ समितीतल्या एका मॅडमनी तिथेच थांबवलं आणि विचारलं, “हे पन्नास टक्के कुठून आले?” मी म्हणाले, “मॅडम, सगळे असंच घेतात.” त्या पुढे काही बोलल्या नाहीत, फक्त समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. प्रस्ताव दुरुस्तीसह मंजूर झाला. दुरुस्त्यांच्या यादीत पहिला मुद्दा कोणता असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा प्रस्ताव लिहायला बसलाय, म्हणून हे सगळं सांगतेय. त्या एका प्रश्नाच्या मागे लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या विषयातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र नेमक्या गरजेच्या जागी गप्प बसतं. आज त्या सूत्राची झडती घेऊ.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नदीकाठी अशुद्ध जल उपसा केंद्र असतं, तिथे जॅकवेल, आणि जॅकवेलमधून पंप पाणी ओढून शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतात. जॅकवेलमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाशी उभ्या लोखंडी गजांची जाळी असते, तिला बार स्क्रीन म्हणतात. फांद्या, पाला, जलपर्णी, प्लास्टिक, निर्माल्य, कपडे यांना पंपापर्यंत पोचू न देणं हे तिचं काम. अडकलेलं काढायला यांत्रिक रेक असतो: साखळीवर बसवलेले दाते गजांच्या फटींतून खालून वर फिरतात आणि कचरा वर आणून टाकतात. तुरटी, फिल्टर, क्लोरीन हे सगळं यानंतरचं. इथे अडलं तर पुढे शुद्ध करायला पाणीच नाही.

जाळीतून जाताना पाण्याची पातळी थोडी उतरते. जाळीच्या अलीकडे जास्त, पलीकडे कमी. या फरकाला हेडलॉस म्हणतात, आणि तो काढायचं प्रसिद्ध सूत्र म्हणजे किर्शमरचं, १९२६ सालचं. शब्दांत सांगायचं तर असं: गजाच्या आकाराचा गुणांक बीटा, गुणिले गजाची जाडी भागिले मोकळी फट याचा ४/३ घात, गुणिले जाळीकडे येणाऱ्या पाण्याचं वेगशीर्ष (वेगाचा वर्ग भागिले दोन जी), गुणिले जाळीच्या आडव्याशी असलेल्या कोनाचा साइन. बीटा चौकोनी धारदार गजाला २.४२, पुढून गोलाई दिली तर १.८३, गोल गजाला १.७९, दोन्हीकडून गोलाई दिली तर १.६७. परीक्षेत या आकड्यांवर प्रश्न येतो. मीही पाठ केले होते.

आता हे सूत्र कुठून आलं ते बघा, कारण माझा सगळा आक्षेप तिथून सुरू होतो. ओट्टो किर्शमरने हे प्रयोग म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या जलशास्त्र संस्थेत केले. तो काळ जर्मनीत जलविद्युत केंद्रं उभी राहण्याचा. जलविद्युतवाल्याला पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे वीज, म्हणजे पैसा. त्याचा प्रश्न सरळ होता: गजांचा आकार बदलला तर जाळीपाशी किती ऊर्जा वाया जाते? किर्शमरने त्याचं नेटकं उत्तर दिलं. त्याच संस्थेत पुढे १९२९ मध्ये स्पांग्लरने पाणी जाळीवर तिरकं आलं तर काय होतं ते तपासलं. दोघांच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण प्रयोग स्वच्छ गजांवरचे होते, आणि प्रश्न ऊर्जेचा होता.

पिण्याच्या पाण्याच्या जॅकवेलला ऊर्जेच्या दोन मिलिमीटरशी काय देणंघेणं? तिथला प्रश्न वेगळा आहे: पुराच्या रात्री पाणी आत येत राहील का? सूत्र जलविद्युतमधून उचलून पाणीपुरवठ्याच्या पुस्तकांत आणलं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं हे सोबत आलं नाही.

नुसतं बोलण्यापेक्षा आकडे घालून बघू. वही काढा, हे हातानेच होतं. गज १० मिमी जाड, फट २० मिमी, जाळी ६० अंशांत, येणाऱ्या पाण्याचा वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. चौकोनी गज घेतले तर किर्शमर देतो सुमारे ७ मिमी. दोन्हीकडून गोलाई दिलेले गज घेतले तर ५ मिमीच्या आत. म्हणजे ज्या बीटावर आपण परीक्षेत गुण मिळवतो, त्याची इथली किंमत दोन मिलिमीटर. नदीवर वाऱ्याने उठणाऱ्या लाटाही याहून मोठ्या असतात.

मग चोंदलेल्या जाळीचं काय? त्यासाठी पुस्तकांत दुसरं सूत्र असतं: फटीतल्या वेगाचा वर्ग वजा येणाऱ्या वेगाचा वर्ग, भागिले दोन जी, भागिले ०.७. वरच्याच जाळीत स्वच्छ असताना फटीतला वेग ०.६ येतो. हे दुसरं सूत्र लावलं तर हेडलॉस सुमारे १५ मिमी. थांबा इथे. जाळी तीच, पाणी तेच, आणि एक सूत्र ७ म्हणतं, दुसरं १५. काही पुस्तकांत ही दोन्ही सूत्रं एकाच पानावर शेजारी-शेजारी असतात आणि हा दुपटीचा फरक का, यावर एक वाक्यही नसतं. एम.एस्सी.ला फिजिक्स केलेल्या माझ्यासारखीला हे आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी दोन्ही सूत्रांत एकच उदाहरण कधी घातलंच नव्हतं. उदाहरणं पुस्तकात दिलेली असतात, प्रत्येक सूत्राला त्याचं त्याचं.

आता ५० टक्के फट बंद करा आणि पंप तेवढंच पाणी ओढतोय असं धरा. फटीतला वेग १.२ होतो, हेडलॉस ९ सेंटिमीटरच्या वर जातो. ७५ टक्के बंद करा: वेग २.४, हेडलॉस ४१ सेंटिमीटर. ९० टक्के: २.६ मीटर. हा शेवटचा आकडा अर्थातच कागदावरचा. प्रत्यक्षात त्याआधीच जॅकवेलमधली पातळी इतकी खाली गेलेली असेल, की पंप हवा ओढायला लागेल आणि शहरात ‘कमी दाबाने पाणी’ची सूचना निघेल. (काही पुस्तकं चोंदलेल्या जाळीसाठी ०.७ ऐवजी ०.६ घेतात. तसं केलं तर ५० टक्क्यांना ९ ऐवजी ११ सेंटिमीटर येतात. चित्र फारसं बदलत नाही.)

५० ते ७५ या एका टप्प्यात तीस सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे माझ्या त्या स्लाइडवरचं सगळं गणित ५० या आकड्यावर उभं होतं, आणि तोच एक आकडा मी कुठूनही मोजून आणलेला नव्हता. मॅडमनी बरोबर तिथे बोट ठेवलं.

याहून जास्त त्रास देणारी गोष्ट फटीच्या रुंदीची आहे. समजा तुम्ही ठरवलं की कचरा जास्त अडवायचा म्हणून फट २० वरून १० मिमी करू. किर्शमर सांगतो हेडलॉस ७ वरून १७ मिमी होईल. दहा मिलिमीटर! कोणीही म्हणेल, स्वस्तात काम झालं. पण अर्ध्या फटीत आता पालासुद्धा अडकणार, रेक दिवसात कितीतरी जास्त वेळा फिरवावा लागणार, दाते झिजणार, साखळी तुटणार. खरी किंमत सफाईत आहे आणि सूत्रात सफाईला जागाच नाही. सूत्र खोटं बोलत नाही, पण त्याच्या भरवशावर घेतलेला निर्णय फसतो.

तुम्ही म्हणाल, मग चोंदण्यावर संशोधन झालंच नाही का? झालंय. २००२ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये मॉयसबुर्गरने नदीवरच्या जलविद्युत केंद्रांच्या जाळ्यांवर पीएच.डी. केली. त्यात चोंदण्याचा परिणाम आणि तिरक्या प्रवाहाचा परिणाम दोन्ही घेतलेत. गंमत अशी, की हेही काम जलविद्युतचंच. त्यानंतर प्रयोगशाळेतले पेपर येत राहिले, पण त्यातले बरेचसे वाचताना एक जागा मला खटकते. कचरा दाखवायला फटींवर सपाट पट्ट्या किंवा पत्रे लावतात. २५ टक्के पट्ट्या, ५० टक्के पट्ट्या, मग आलेख.

पट्टी म्हणजे कचरा नव्हे. जलपर्णी घ्या. पवना, इंद्रायणी, उजनी, कुठेही बघा. ती तरंगते, त्यामुळे जाळीच्या वरच्या भागात गादी होते आणि खालून पाणी जातं. तिच्या मुळांच्या झुबक्यांतूनही थोडं पाणी झिरपतं. प्लास्टिकची पिशवी मात्र दोन गजांना विळखा घालून बसते, तिच्यातून काहीच जात नाही. साडीचा तुकडा फटीतून अर्धा पलीकडे जातो आणि रेकचे दाते त्यावरून घसरतात. या तिन्हींना ‘३० टक्के’ म्हणायचं? कुठले टक्के, क्षेत्रफळाचे की पाणी अडवण्याचे? बहुतेक पेपर क्षेत्रफळ म्हणतात, कारण ते मोजता येतं.

पट्टीवाल्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय करतेय. प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. पट्टी दर वेळी तीच असते. जलपर्णीची गादी चॅनलमध्ये दोनदा सारखी बसत नाही. मी आमच्या प्रयोगशाळेत करून बघितलं. तिन्ही वेळा तेवढ्याच वजनाची जलपर्णी सोडली आणि तिन्ही वेळा वेगळा हेडलॉस आला. असा पेपर पाठवला की परीक्षक पहिला प्रश्न विचारतो, ‘तुमच्या निकालांत एवढा विखुरलेपणा का?’ माझं म्हणणं, तो विखुरलेपणाच निकाल आहे. अजून कोणाला पटवून दिलेलं नाही.

सगळ्यात जास्त मी शिकले ते एका उपसा केंद्रावर, नाव सांगत नाही. तिथे जाळीच्या दोन्ही बाजूंना पातळी मोजणारे सेन्सर होते, फरक वाढला की रेक आपोआप सुरू व्हायचा. सेन्सर बंद पडलेले होते. रेक टायमरवर, ठरावीक वेळाने फिरणारा. मी ऑपरेटर काकांना विचारलं, “मग जाळी भरली हे कळतं कसं?” ते म्हणाले, “ताई, अँपिअरचा काटा बघायचा. थरथरायला लागला की समजायचं.” पंपात हवा जायला लागली की मोटरचा करंट हलतो, म्हणजे काका हेडलॉस मोजत होते, फक्त पंपाच्या बाजूने. मग म्हणाले, “आणि पहिला पूर बघायचा. मृगाचा. त्यानंतर एवढं काय येत नाही.”

हे दुसरं वाक्य मी लगेच वहीत लिहिलं. उन्हाळाभर काठावर आणि नाल्यांत साचलेलं सगळं पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर येतं. म्हणजे ‘सरासरी चोंदणं’ अशी गोष्टच इथे कामाची नाही. वर्षातले बहुतेक दिवस जाळी जवळजवळ स्वच्छ असते आणि काही तासांत भरते. डिझाइन त्या काही तासांसाठी करायचं असतं.

समुद्रकाठच्या वीज केंद्रांत हेच आणखी ठसठशीत दिसतं. तिथे थंड करायचं पाणी अशाच फिरत्या जाळ्यांतून येतं. २०११ च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या टॉर्नेस अणुकेंद्रात जाळ्यांवर जेलीफिश आले म्हणून दोन्ही अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ग्रॅव्हलिन्समध्ये चार अणुभट्ट्या याच कारणाने थांबल्या. तिथल्या इंजिनिअरांना बीटा माहीत नव्हता असं तर नाही.

तर तुम्ही तुमच्या विषयातलं आवडतं सूत्र घ्या आणि तीन गोष्टी शोधा. ते मूळ कोणाच्या प्रश्नासाठी केलं होतं, प्रयोगात काय नव्हतं, आणि उत्तराला सगळ्यात जास्त हलवणारा आकडा कोणता. तिसरं काढायला हातानेच चार उदाहरणं करा, सॉफ्टवेअरने नको. सॉफ्टवेअर दशांशाच्या तीन जागा देतं आणि आपल्याला वाटतं खूप काही कळलं.

माझं म्हणाल तर प्रस्तावाचं दुसरं प्रकरण नव्याने लिहिलंय. त्यात ५० टक्के नाहीत. त्याऐवजी एक तक्ता आहे: रेकच्या प्रत्येक फेरीला निघालेल्या कचऱ्याचं ओलं वजन, त्यात जलपर्णी किती, प्लास्टिक किती, कापड किती, जाळीच्या दोन्ही बाजूंची पातळी, आणि शेवटच्या रकान्यात अँपिअर. तो रकाना काकांनी सुचवला. सर म्हणाले, हा रकाना थिसिसमध्ये कसा समर्थन करणार? अजून ठरलेलं नाही. मृगाला अकरा दिवस आहेत आणि वजनकाटा आणायचा राहिलाय.