एक इंच मासा, एक गॅलन पाणी

मत्स्यपेटीत किती मासे ठेवावेत, याचे ठरलेले उत्तर छंदपुस्तिकांत सापडते: गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाण्याला, एक इंच मासा. नियम पाठ करायला सोपा आहे. तेवढाच त्याचा गुण.

आधी गणित पाहू. माशाची लांबी चौपट झाली आणि ठेवण तीच राहिली, तर वजन ४ × ४ × ४ म्हणजे ६४ पट होते. नियमाच्या लेखी मात्र एकेक इंचाचे चार मासे आणि चार इंचांचा एक मासा सारखेच! प्रत्यक्षात तो एकटा त्या चौघांच्या सोळापट वजनाचा असतो. लहान जिवांचा चयापचय वजनाच्या मानाने जलद असतो हे मान्य केले, तरी त्या एकाचा पाण्यावरचा भार चौघांच्या पाच-सहा पट भरतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नियमात फिल्टर कुठेच नाही. माशाच्या शरीरातले टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात बाहेर पडते. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे नितळ असूनही मासे मरतात ते यामुळे. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय आपण नायट्रोबॅक्टरला देत आलो. १९९८ साली होवनेक व सहकाऱ्यांना गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत हे काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करताना आढळले. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांनी हौसेने हा स्पंज नळाखाली घासून लख्ख धुतला. तीन दिवसांत निम्मे मासे गेले, आणि दोष दुकानदाराच्या माशांवर आला! क्लोरीनच्या पाण्याने घाणीबरोबर जिवाणूही गेले होते. स्पंज पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो.

शिवाय नियमाला गाव माहीत नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी, जड आणि बहुधा अल्कधर्मी. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे पाच टक्के. त्यात मे महिना. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि वीज गेली की पंप बंद. स्पंजातल्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतोच.

तेव्हा वर्गात इंच मोजू नयेत, अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत. त्यांची तपासणी-किट मत्स्यपेट्यांच्या दुकानांत मिळतात. सुरुवात दोन-तीन गप्पींनी करावी, दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकले की मगच पुढचे मासे सोडावेत, आणि रोजची नोंद मुलांनी फळ्याशेजारच्या तक्त्यावर लिहावी.