बांधणी, संग्रह आणि वाचन

ग्रंथाचा विचार करताना आपली समीक्षा सामान्यतः संहितेपाशी थांबते. ती संहिता कोणत्या कागदावर छापली आहे, कोणत्या चामड्यात बांधली आहे, या बाबी आगंतुक मानल्या जातात. जेरार जनेत याने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 'उंबरठे' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ इत्यादी घटकांना सैद्धांतिक स्थान दिले. परंतु त्याच्या मांडणीत हे घटक लेखक किंवा प्रकाशक यांच्या जबाबदारीतून येतात. संग्राहकाने करवून घेतलेली कलात्मक बांधणी या व्यवस्थेत बसत नाही. ती येते वाचकाकडून. म्हणूनच तिचा विचार वाचनाच्या संदर्भात करावा लागतो.

याला फ्रान्समधील ग्रंथव्यवहाराचा आधार आहे. विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत तेथे साहित्यकृती कागदी वेष्टनात, केवळ शिवलेल्या आणि बहुधा न कापलेल्या पानांनिशी विकली जाई. तिला टिकाऊ रूप द्यावयाचे की नाही आणि कोणते, हे विकत घेणारा ठरवी. बांधणी हा अशा रीतीने ग्रंथाविषयीचा एक निर्णय होता.

या निर्णयाचे स्वरूप मात्र बदलत गेले. सोळाव्या शतकातील ज्याँ ग्रोलिए (मृत्यू १५६५) हा राजाचा कोषाधिकारी. मिलानमधील वास्तव्यात त्याला इटालियन बांधणीची ओळख झाली. तापवलेल्या ठशांनी चामड्यावर सोन्याची नक्षी उठविण्याची ही कला इटलीत इस्लामी जगातून आली होती. त्याच्या पाचशेहून अधिक प्रती आज ज्ञात आहेत. त्यांतील अनेकींवर हा ग्रंथ 'ग्रोलिए आणि त्याचे मित्र' यांचा असल्याचे लॅटिन भाषेत कोरलेले आहे. गुंफलेल्या पट्ट्यांची त्याची नक्षी ग्रंथाच्या आशयाविषयी काहीही सांगत नाही. ती सांगते मालकाविषयी, आणि मालकीत मित्रांना सामावून घेणाऱ्या विद्वत्समाजाविषयी.

आशयाशी नाते जोडण्याची भूमिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाणीवपूर्वक घेतली गेली. आंरी मारियुस-मिशेल (१८४६–१९२५) याने जुन्या शैलींच्या अनुकरणाला विरोध करून वनस्पतिरूपांवर आधारलेली बांधणी सिद्ध केली. १८९३ मध्ये नांसीच्या प्रूव्हे, मार्तँ आणि व्हिनेर यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या बांधण्यांत फ्लोबेअरच्या 'सालांबो'चा समावेश होता. येथे मुखावरण हे जणू कादंबरीचे चित्र बनते. बांधणी संहितेचे प्रतिनिधित्व करू लागते, आणि त्याच वेळी तिला एका दृश्यात बंदिस्तही करते.

पिएर लग्रँ (१८८९–१९२९) ही मर्यादा ओलांडतो. वस्त्रकार जाक दुसे याने अठराव्या शतकातील कलावस्तूंचा आपला संग्रह १९१२ मध्ये विकला व तो समकालीन लेखकांच्या प्रती आणि हस्तलिखिते जमवू लागला. १९१७ पासून लग्रँ त्याच्यासाठी बांधणीचे आराखडे करू लागला. तो व्यवसायाने बांधणीकार नव्हता. प्रत्यक्ष काम इतर कारागीर करीत. त्याच्याकडे शीर्षकाची अक्षरे हीच रचनेची द्रव्ये होतात. कृतीतील प्रसंग दाखविण्याऐवजी तिची लय शोधण्याचा हा प्रयत्न आहे. येथे बांधणीला अर्थनिर्णयाचा दर्जा देता येतो.

तथापि या दाव्याची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. नव्या बांधणीसाठी समास कापले गेले आणि त्यांबरोबर पूर्वीच्या वाचकांची टिपणेही. एकोणिसाव्या शतकातील धनिकांनी जुन्या, साध्या बांधण्या काढून टाकून ग्रंथांना झळझळीत मोरक्कन चामडे चढविले. हुइस्मान्सच्या १८८४ मधील कादंबरीचा नायक बोदलेअरची केवळ स्वतःसाठी एक प्रत छापवून बांधून घेतो. ग्रोलिएचे 'मित्र' तेथे पूर्णपणे नाहीसे झालेले आहेत. बांधणी जितकी मौल्यवान, तितका ग्रंथ उघडण्याचा धोका अधिक. आणि न उघडलेल्या ग्रंथावरील भाष्य हे भाष्य उरत नाही.

यावरून संग्रह आणि वाचन परस्परविरोधी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दुसेचा साहित्यसंग्रह पॅरिस विद्यापीठाकडे गेला आणि अभ्यासकांना खुला झाला. त्या बांधण्या आज एका काळाच्या वाचनाचा पुरावा म्हणून वाचता येतात. भेद आहे तो बांधणी वाचकाला संहितेकडे परत नेते की स्वतःपाशीच थांबविते, यात. हा निकष समीक्षेलाही लागू पडतो. तीही कृतीला बाहेरून वेढणारी, नंतर आलेली आणि पुष्कळदा अधिक झळझळीत अशी रचना असते. कृती उघडण्याची गरज जिने उरू दिली नाही, त्या समीक्षेने एक सुंदर आवरण तेवढे तयार केले, असेच म्हणावे लागेल.